हिंगोलीत कृष्णविवर येणार म्हणून जमीन विकायची?

"औंढ्याला जमिनीत ब्लॅक होल करतायत म्हणे. भाऊजींनी पाठवलंय, वाच जरा. वसमतची चार एकर काढून टाकावी का रे?"

हा फोन विक्रोळीच्या कन्नमवारनगरातून माझ्या मावशीचा. मावशी भाबडी नाही. पुनर्विकासाच्या करारनाम्यातली चूक बिल्डरच्या माणसाला बोट ठेवून दाखवणारी बाई आहे. तिला हलवायला मेसेजही तसाच भारदस्त लागतो आणि हा होता. हॉकिंग, नारळीकर, नासा, सर्न, गूगल, सगळे एका माळेत. रात्रीपर्यंत तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या. आता एकदाच उत्तर लिहितो. यापुढे कोणी पाठवला तर हेच चिकटवीन.

ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, जेम्स वेब दुर्बिणीने बिग बँग, म्हणजे विश्व महास्फोटातून सुरू झालं हे म्हणणं, खोटं ठरवलं आणि नारळीकर हे आधीपासून सांगत होते. दोन, कृष्णविवरं नसतातच असं खुद्द हॉकिंगने कबूल केलं. तीन, आपलं अख्खं विश्व एका कृष्णविवराच्या पोटात आहे. चार, गूगलने प्रयोगशाळेत दुसऱ्या विश्वात जायचं भुयार उघडलं. पाच, सर्न या युरोपातल्या अणुकणांच्या प्रयोगशाळेत कृष्णविवरं बनवतात, म्हणून दारात नटराज उभा केला आहे. सहा, तेच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात येतं आहे, तिथले भूकंपाचे धक्के त्याच्या चाचण्यांचे आहेत, पुढे परिसर गिळला जाणार, तेव्हा जमीन वेळेत मोकळी करा. खाली एक मोबाइल नंबर.

दुसऱ्या मुद्द्यात जी वस्तू नसतेच, ती सहाव्या मुद्द्यात औंढ्याला येते. इथेच खरं तर थांबता आलं असतं.

सहावा मुद्दा आधी घेतो. बाकीच्यांनी डोकं फिरतं, याने जमीन जाते. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा होणार आहे, एवढं खरं. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था यात आहेत आणि बांधकामाची जबाबदारी अणुऊर्जा विभागाच्या ज्या संचालनालयाकडे आहे, ते आपल्या अणुशक्तीनगरात बसतं. गुप्त असं काहीच नाही.

आता ते यंत्र करतं काय? काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतली हवा काढून टाकलेली. दोन्हींत लेझर सोडायचा, टोकाच्या आरशावरून परत आणायचा आणि दोन्ही किरण एकमेकांशी ताडून बघायचे. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की अवकाशालाच हेलकावा (गुरुत्वीय लहर) बसतो. तो इथवर येतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या लहानशा अंशाएवढा फरक पडतो. तो टिपायचा. संपलं. यंत्र काही ओढत नाही, फोडत नाही, बनवत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या पर्जन्यमापकाने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला; मुंबई त्या मापकामुळे बुडाली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. (नाल्यांबद्दल बोलणारे खूप भेटले.)

आणि कृष्णविवर बनवणं म्हणजे काय गंमत आहे? आख्खी पृथ्वी दाबून सुमारे ९ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबली तर तिचं कृष्णविवर होईल. २,६०० कोटींत हे होत नाही.

अशी दोन यंत्रं अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला कित्येक वर्षं चालू आहेत. तिथल्या कोणाचं शेत गडप झालेलं नाही. उलट त्रास यंत्रालाच होतो. हॅनफर्डला थंड नळीवर साचलेला बर्फ डोमकावळे टोचत होते, तर त्यांच्या चोचींचे ठोके नोंदींत उमटले. जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला तरी आरसे डळमळतात आणि निरीक्षण थांबवावं लागतं. म्हणजे धक्के ही या लोकांची डोकेदुखी आहे, आणि मेसेजवाला म्हणतो की तेच धक्के देतात.

धक्के बसले हे मात्र मान्य करायला हवं. २०२४च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली हादरली, दोन्ही वेळा ४.५ तीव्रतेने. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. पण तेव्हा दुधाळ्याला लेझर सोडाच, नळीचा तुकडाही बसलेला नव्हता. चाचणी कशाची झाली? आणि ३० सप्टेंबर १९९३ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, किल्लारीला सुमारे दहा हजार माणसं गेली, तेव्हा कोणाच्या यंत्राने केलं? मराठवाड्यातल्या माणसाला भूकंप म्हटलं की पोटात गोळा येतो, त्याला कारण आहे. त्या भीतीवर कोणी धंदा करत असेल तर राग येतो तो म्हणूनच.

धंदा म्हणतो, कारण तो खालचा नंबर. "औंढा-वसमत परिसरातील जमिनींच्या व्यवहारासाठी संपर्क." ज्या परिसराचा घास कृष्णविवर घेणार आहे, तिथल्या जमिनी हा गृहस्थ कोणत्या गिऱ्हाइकासाठी गोळा करतो आहे? मावशीला मी एवढंच विचारलं. ती गप्प झाली आणि मग भाऊजींना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. वेधशाळेमुळे पुढे रस्ते कुठून जातील, जवळपास खडी क्रशर, जड वाहतूक यांच्यावर बंधनं येतील का, हे प्रश्न रास्त आहेत. ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायचे. व्हॉट्सॲपवरच्या नंबरला नाही.

सहाव्या मुद्द्याचं शेपूट: "सर्नला शंकर, औंढ्याला शंकर, हा योगायोग?" औंढ्याचं देऊळ शेकडो वर्षांचं आहे. सर्नमधला नटराज भारताच्या अणुऊर्जा विभागाने भेट दिला, १८ जून २००४ रोजी, कारण भारतीय शास्त्रज्ञांचं तिथे जुनं येणं-जाणं. आपणच पाठवलेली मूर्ती, तिचंच आपल्याला भय दाखवतात.

सर्नचं कृष्णविवर ही जुनी आवई. सप्टेंबर २००८मध्ये तिथला महाकाय कोलायडर, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र, सुरू व्हायच्या सुमारास आपल्या वाहिन्यांनी प्रलयाचे काउंटडाउन लावले होते. त्या बातम्या बघून मध्य प्रदेशातल्या एका १६ वर्षांच्या मुलीने जीव दिला, असं तिच्या वडिलांनी पत्रकारांना सांगितलं. म्हणून "जाऊ दे ना, फॉरवर्डच तर आहे" हे वाक्य मला ऐकवू नका. त्याच वर्षी सर्नने सुरक्षिततेचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यातला मुद्दा कोणालाही कळेल असा आहे: अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण त्या यंत्राहून जास्त ऊर्जेने पृथ्वीवर सतत आदळत आले आहेत. निसर्गाने असे सुमारे एक लाख कोलायडरांच्या आयुष्याएवढे प्रयोग पृथ्वीवर करून झालेत आणि पृथ्वी आहे. चंद्र आहे. आपणही आहोत.

आता नारळीकर. हे नाव वापरलं की मराठी माणूस पुढचं तपासत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक आहे. आणि अडचण अशी की यात अर्धं सत्य आहे. जयंत नारळीकरांना बिग बँग मान्य नव्हता. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर त्यांनी स्थिर विश्वाची (ज्याला सुरुवातच नाही अशा विश्वाची) बाजू लावून धरली आणि १९९३मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह तिची सुधारलेली आवृत्ती मांडली. मे २०२५मध्ये ते गेले. पण त्यांचं मत बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना पटलं नाही, हे अर्धं मेसेजमध्ये नाही. शिवाय ते मत शोधनिबंधांतून, आकडे पुढे ठेवून वाद घालत मांडलेलं. याच नारळीकरांनी २००८ साली दाभोलकर आणि इतरांना सोबत घेऊन ज्योतिषाची चाचणी घेतली होती: मुलं हुशार की मतिमंद हे कुंडल्यांवरून सांगायचं, २७ ज्योतिषी, यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर जास्त. त्यांच्या नावावर लायगोला शिव्या घालणाऱ्याला हेही माहीत नसावं की लायगो-इंडियातली आयुका ही नारळीकरांनीच उभारलेली संस्था. तिथेच संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरी गोंगाटातून वेचून काढायच्या पद्धतीवर आयुष्य घातलं.

वेबचं म्हणाल तर "नासाच्या शास्त्रज्ञेची झोप उडाली" हे मेसेजमधलं वाक्य कुठून आलं ते सांगतो. ॲलिसन कर्कपॅट्रिक नासाच्या नाहीत, कॅन्ससच्या विद्यापीठातल्या. २०२२मध्ये वेबच्या पहिल्या चित्रांनंतर त्या म्हणाल्या की पहाटे तीनला जाग येते आणि वाटतं, मी आजवर केलेलं सगळं चुकलं की काय. दीर्घिका (गॅलेक्सी) इतक्या लवकर कशा घडल्या, याबद्दलचं ते बोलणं. ते बिग बँगच्या माथी मारलं गेलं तेव्हा त्यांनी वैतागून ट्विटरवर स्वतःच्या नावातच "बिग बँग झाला होता" असं घालून टाकलं. वेबला आढळलेली एक दीर्घिका बिग बँगनंतर जेमतेम २९ कोटी वर्षांची आहे आणि अपेक्षेपेक्षा तेजस्वी आहे, हे खरं कोडं आहे. पण "बिग बँगनंतर २९ कोटी वर्षांनी" हे मोजमापच बिग बँग धरून केलेलं आहे ना?

अगदी पहिल्या क्षणी काय झालं हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, आणि तिथे मेसेजवाल्याला थोडी जागा द्यावी लागते. आइन्स्टाइनची समीकरणं मागे नेत गेलं की घनता अनंत होते आणि गणित मोडतं. गुरुत्वाकर्षण आणि अणुकणांचे क्वांटम नियम एकत्र बसवायचा, क्वांटम ग्रॅव्हिटी नावाचा सगळा खटाटोप त्यासाठीच चालला आहे. त्यातल्या एका मुख्य वाटेचे, लूप क्वांटम ग्रॅव्हिटीचे, एक जनक अभय अष्टेकर. जन्म शिरपूरचा, लहानपणाची काही वर्षं मुंबईत. २००६मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह दाखवलं की त्यांच्या गणितात घनता अनंत होतच नाही. आधीचं आकुंचणारं विश्व एका मर्यादेला पोचून उसळी घेतं आणि आपलं प्रसरण सुरू होतं. बिग बँगऐवजी बिग बाउन्स. अजून निरीक्षणाने सिद्ध झालेलं नाही, दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतवाल्यांना पटत नाही. पण ही उसळी खरी ठरली तरी त्यानंतरची सुमारे १३.८ अब्ज वर्षांची गोष्ट तीच राहते. मराठी नावच हवं होतं तर हे होतं. पण यात भीती घालण्यासारखं काही नाही, म्हणून घेतलं नसेल.

हॉकिंग. जानेवारी २०१४च्या छोट्या टिपणात ते म्हणाले की ज्यातून प्रकाश कधीच सुटू शकत नाही, अशा अर्थाची कृष्णविवरं नाहीत. वाक्याचा पहिला अर्धा भाग खाल्ला की मेसेज तयार. वाद विवराच्या सीमेचा होता, आत गेलेल्या माहितीचं काय होतं याचा. आणि तो अजून मिटलेला नाही. वस्तू आहे की नाही याचं उत्तर मात्र १४ जानेवारी २०२५ला आलेल्या संकेताने इतकं स्वच्छ दिलं आहे की पुढे बोलायला फारसं उरत नाही. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या तीस-चाळीस पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली. आधी दोघांचं मिळून पृष्ठफळ होतं सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राहून कमी. नंतरचं सुमारे ४ लाख, महाराष्ट्राहून जास्त. पृष्ठफळ कधी घटणार नाही हा हॉकिंगचा १९७१चा सिद्धांत. तो या नोंदीत ९९.९९९ टक्के खात्रीने उतरला. विलीन झालेलं विवर घंटेसारखं घुमत शांत होतं, हे भारतीय शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७०मध्ये कागदावर मांडलं होतं, ते घुमणंही यात स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे ज्या हॉकिंगच्या तोंडी "कृष्णविवरं नाहीत" घातलं, त्याचाच सिद्धांत खरा ठरवणारं यंत्र ते हेच, ज्याचं भावंड औंढ्याला येतं आहे.

उरले दोन. गूगलचं भुयार: २०२२च्या शेवटी 'नेचर'मध्ये आलेला प्रयोग, क्वांटम संगणकाच्या ९ क्यूबिटवर (त्याच्या माहितीच्या एककांवर) चालवलेलं एक गणिती प्रारूप. अवकाशात भोक पडलेलं नाही. प्रारूप तरी खरंच भुयारासारखं वागतं का, यावरच इतर शास्त्रज्ञांनी तीन महिन्यांच्या आत आक्षेप घेतला.

आणि आपण कृष्णविवराच्या पोटात आहोत हे: २०२५मध्ये लिओर शमीर यांनी वेबच्या चित्रांतल्या २६३ दीर्घिका मोजल्या, त्यातल्या १५८ एका दिशेने फिरताना दिसल्या, १०५ दुसऱ्या. विश्व जन्मतःच फिरतं असावं आणि ते कृष्णविवरातल्या विश्वाच्या कल्पनेशी जुळतं, ही त्यांनी सुचवलेली एक शक्यता. दुसरीही त्यांनीच दिली आहे: आपली आकाशगंगा स्वतः फिरते, त्यामुळे तिच्या उलट फिरणाऱ्या दीर्घिका किंचित उजळ दिसत असतील आणि जास्त मोजल्या जात असतील, तसं असेल तर अंतरांची मोजमापं दुरुस्त करायला हवीत. मेसेजमध्ये ही दुसरी शक्यता नाही.