दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: घोस्ट नोट्स कुठे गेल्या आणि किक दोनदा का वाजली

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण काही लिहिण्याआधी दोन्ही गाणी पुन्हा उघडून, तुमचं मूळ रेकॉर्डिंग एका बाजूला आणि मी पाठवलेली मिडी फाइल दुसऱ्या बाजूला लावून ऐकायची होती. ऐकली. काही ठिकाणी तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, एका ठिकाणी नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो: ड्रमच्या रेकॉर्डिंगमधला प्रत्येक ठोका मिडीत, म्हणजे कुठला ड्रम कधी आणि किती जोरात वाजला याच्या आकड्यांतल्या नोंदीत, उतरवून देणं हे माझं काम. त्या नोंदीवरून मग सॅम्पलचे, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेले, ड्रम वाजवता येतात. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा. पहिल्या गाण्यात स्नेअरच्या (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) घोस्ट नोट्स, म्हणजे मुख्य ठोक्यांमधले अगदी हलके ठोके, गायब आहेत. जिथे जोर हवा नेमका तिथेच स्नेअर मिणमिणता वाजतो. कोरसमध्ये सगळे ठोके एका छापाचे वाटतात. मध्येच टॅम्बोरिन (खंजिरीसारखं वाद्य) वाजतं. दुसऱ्या गाण्यात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दोनदा ऐकू येते. आणि शेवटचं वाक्य, "बटण दाबून जे आलं ते तसंच पाठवून दिलंय."

घोस्ट नोट्सपासून सुरू करतो, कारण तिथे चूक सरळ माझी आहे. तुमच्या स्नेअरच्या माइकमध्ये हायहॅटचा (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचा) आवाज भरपूर येतो. छोट्या खोलीत हायहॅट आणि स्नेअर हातभर अंतरावर असतात, त्यामुळे हे घरच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये होतं. त्यात तुमच्या ड्रमरचा काही दोष नाही. पण त्या ट्रॅकवर हलक्या घोस्ट नोट्स आणि हायहॅटची गळती जवळजवळ सारख्याच उंचीच्या आहेत. थ्रेशोल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरने किती मोठा आवाज ठोका मानायचा ती मर्यादा, खाली घेतला तर हायहॅटचा प्रत्येक ठोका स्नेअर म्हणून नोंदवला जातो. वर घेतला तर गळती जाते, पण तिच्याबरोबर घोस्ट नोट्सही जातात. यावर एक उपाय आहे. ओळखण्यापुरता आवाज फिल्टर करून फक्त 200 हर्ट्झच्या आसपासचा पट्टा ऐकायचा. स्नेअरचं अंग त्या भागात असतं, हायहॅटचं फारसं काही नसतं. मात्र त्याच पट्ट्यात टॉम, म्हणजे सेटमधले बाकीचे ड्रम, हेही घुमतात, म्हणून फिल्स (दोन ओळींमधले ड्रमचे तुकडे) वेगळ्या तपासाव्या लागतात.

मी काय केलं? थ्रेशोल्ड वर ठेवला आणि घोस्ट नोट्स कानाने ऐकून हाताने भरायला घेतल्या. पहिल्या कडव्यात भरल्या, त्या तुम्हाला मिळाल्याही आहेत. चार मिनिटांचं गाणं, टेम्पो 100 (मिनिटाला 100 मात्रा), म्हणजे एकेका मात्रेचे चार भाग धरले तर 1600 जागा होतात. त्यातली प्रत्येक जागा तपासायची नसते हे खरं, पण शंका येईल अशा जागा शेकड्यांनी निघतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत येईतो रात्रीचे दोन वाजले होते, आणि थकलेल्या कानाला गळती आणि घोस्ट नोट यांतला फरक कळेनासा होतो. तेव्हा फाइल बंद करून सकाळी बसायला हवं होतं. मी "ठीक आहे" म्हणून पुढे गेलो.

मिणमिणत्या स्नेअरचं कारण शोधायला मलाही वेळ लागला. ते सांगण्यासारखं आहे, कारण घरी हे काम करणाऱ्या कोणालाही ते चावू शकतं. सॉफ्टवेअरला एक रेट्रिगर टाइम द्यावा लागतो: एक ठोका सापडला की पुढचे किती मिलिसेकंद कान बंद ठेवायचे. तुमचा स्नेअर ठोक्यानंतर बराच खणखणत राहतो, त्यामुळे एका ठोक्याच्या दोन नोंदी होत होत्या. त्या टाळायला मी हा आकडा 50 वर नेला. पण तुमचा ड्रमर कोरसच्या तोंडाशी फ्लॅम वाजवतो. फ्लॅममध्ये आधी एक काठी हलकीशी पडते आणि लगेच मागून मुख्य ठोका येतो. तुमच्या गाण्यात हे अंतर मोजलं तर कुठे 24 मिलिसेकंद आहे, कुठे 31. म्हणजे सॉफ्टवेअरने आधीची हलकी काठी पकडली, तिचाच जोर लिहून घेतला आणि मागून आलेल्या खऱ्या ठोक्याच्या वेळी कान बंद ठेवले. प्रत्येक फ्लॅमवर हेच झालं आहे. तुम्ही "जिथे जोर हवा नेमका तिथेच" असं लिहिलंत ना, ते अक्षरशः तसंच आहे.

कोरसचं कारण साधं आहे. मिडीमध्ये ठोक्याचा जोर 1 ते 127 या आकड्यांत लिहिला जातो. कडव्यातले हलके ठोके नीट पकडले जावेत म्हणून मी आत येणारा आवाज वाढवला, आणि मग कोरसचे ठोके छताला जाऊन टेकले. कोरसमधल्या स्नेअरचे आकडे आता पाहिले: 118, 124, 127, 127, 125, 127. मूळ रेकॉर्डिंगमध्ये मात्र दुसरा आणि चौथा ठोका स्पष्टपणे वेगळे ऐकू येतात. कडवं आणि कोरस वेगवेगळ्या सेटिंगवर करायला हवे होते. नव्या फाइलमध्ये केले आहेत. कोरसचा स्नेअर आता साधारण 92 ते 121 या टप्प्यात फिरतो. बरेचसे सॅम्पलर (मिडीवरून रेकॉर्ड केलेले ड्रम वाजवणारे प्रोग्रॅम) जोर बदलला की नुसता आवाज कमीजास्त करत नाहीत, वेगळं रेकॉर्डिंग वाजवतात, म्हणून हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा कानाला जास्त जाणवेल.

टॅम्बोरिनचा दोष अर्धा माझा. जनरल मिडीच्या, म्हणजे कोणत्या नंबरवर कोणतं वाद्य याच्या सर्वमान्य, नकाशात बंद हायहॅट 42 वर असतो, पायाने दाबलेला 44 वर, पूर्ण उघडा 46 वर. अर्धवट उघड्या हायहॅटसाठी त्यात जागाच नाही. मी माझ्या टेम्प्लेटमध्ये त्याला 54 नंबर दिला आहे, आणि जनरल मिडीत 54 म्हणजे टॅम्बोरिन. तुमच्याकडे कोणती ड्रम लायब्ररी आहे हे मी विचारलं नाही, तुम्हीही कळवलं नाही. विचारणं माझं काम होतं.

आता दुसऱ्या गाण्यातली किक. इथे मी मान डोलावणार नाही. तुम्ही मला एमपीथ्री पाठवलीत आणि माझी मिडी तुमच्याकडच्या मूळ वेव्ह फाइलच्या खाली लावलीत. एमपीथ्री बनवताना आणि उघडताना सुरुवातीला थोडी रिकामी जागा जोडली जाते. ती साधारण 1105 सॅम्पल (इथे अर्थ डिजिटल आवाजाचे मोजलेले बिंदू) भरते, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला 25 मिलिसेकंद. काही प्रोग्रॅम ती आपोआप कापतात, काही कापत नाहीत. मी ज्या फाइलवरून काम केलं तिच्यात ती जागा होती, म्हणून सगळा मिडी मूळ फाइलपेक्षा 25 मिलिसेकंद मागे पडला आणि खऱ्या किकमागून सॅम्पलची किक वाजली. फाइल वेव्हच हवी हे काम घेतानाच्या सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. तरीही एमपीथ्री आल्यावर ती परत न पाठवता मी काम सुरू केलं, एवढं मात्र माझ्या पदरात घालायला हरकत नाही.

दुरुस्तीला माझी गरज नाही. सगळ्या नोट्स निवडा आणि 25 मिलिसेकंद आधी सरकवा. तुमच्या गाण्याचा टेम्पो 100 आहे, तेव्हा एका मात्रेचे 480 टिक धरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ते नेमके 20 टिक होतात. मग एखादी किक पूर्ण झूम करून पाहा. मूळ लहर आणि सॅम्पलची लहर एकाच क्षणी सुरू व्हायला हवी आणि दोन्ही आधी एकाच दिशेला जायला हव्यात. इथे 5 मिलिसेकंदांचा फरक राहिला तरी दोन किक ऐकू येणार नाहीत, पण 100 हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकेल आणि किक पोकळ वाटेल. पुष्कळ जण मग इक्वलायझरने बास वाढवत बसतात. आधी फाइल सरकवून पाहावी.

बटणाबद्दल. हो, पहिला हात सॉफ्टवेअरचाच असतो, ते मी कधी लपवलेलं नाही. घरच्या घरी हे करता येतं का? नुसती किक जाड करायची असेल तर नक्की येतं, त्यासाठी मला पैसे देऊ नका. क्यूबेस, लॉजिक, रीपर, या सगळ्या रेकॉर्डिंग प्रोग्रॅमांत त्याची सोय आहे. एबलटन लाइव्हमध्ये तर ड्रमचा ऑडिओ थेट मिडीत बदलायची आज्ञाच आहे, ती किक, स्नेअर आणि हायहॅट ओळखायचा प्रयत्न करते. वेगवेगळ्या माइकचे स्वच्छ ट्रॅक असतील तर तासाभरात काम होतं. तुमचं पहिलं गाणं त्या जातीचं नव्हतं, आणि ते कळल्यावर मी जास्त वेळ मागायला हवा होता.

पहिल्या गाण्याची फाइल नव्याने केली आहे. जनरल मिडीच्या नकाशातली एक आणि माझ्या मूळ नकाशातली एक, अशा दोन प्रती आधीच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. फ्लॅम एकेक करून हाताने लावले आहेत. पैसे परत हवे असतील तर पहिल्या गाण्याचे पूर्ण परत करतो, एका ओळीत कळवा. दुसऱ्या गाण्याचे करणार नाही.

एक काम तुमच्याकडे आहे. दुसऱ्या कडव्यात सात जागा अशा आहेत, जिथे काठी स्नेअरवर पडली की नुसता हायहॅटच वाजला हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ओव्हरहेडच्या (ड्रमच्या वर लावलेल्या माइकच्या) ट्रॅकवरही लक्षात येत नाही. त्या जागांवर मार्कर लावून ठेवले आहेत. तुमच्या ड्रमरला फाइल ऐकवा, हाताला सवय असते, त्याला लगेच आठवेल. त्याने सांगितलं की त्या सात जागा त्याच दिवशी भरून पाठवतो.