आधी नवऱ्याची तपासणी करा
वीर्यात शुक्रजंतूच नसलेल्या पुरुषांच्या वृषणातल्या सूक्ष्म नळ्या प्रकाशीय इमेजिंगने तपासण्याबद्दलचा हा लेख वाचून फार बरं वाटलं. मी मिरजेत लॅबमध्ये काम करते. आज मायक्रो-टेसीमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्रजंतू शोधून काढायच्या शस्त्रक्रियेत, सर्जन १५ ते २५ पट मोठं करून त्यातल्या त्यात जाड, पांढरट नळ्या निवडतात, कारण बारीक, पारदर्शक नळ्यांत बहुधा काही नसतं. पण तो शेवटी नजरेचा अंदाज. मग ते ऊतक बारीक करून थेंब थेंब बघायचं, रक्तपेशींच्या गर्दीत कुठे शेपूट हलतेय का म्हणून तासन् तास डोळे लावून बसायचं. नळीला रंग न लावता आतलं कळलं, तर ऊतक कमी काढावं लागेल. इक्सीला, म्हणजे शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडायच्या पद्धतीला, एका स्त्रीबीजासाठी एकच शुक्रजंतू पुरतो हो!

जत, शिराळ्याकडून जोडपी येतात. बाईच्या फायलीत सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, सगळं असतं आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी नसते. याचा मला खरंच संताप येतो. आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून नमुना द्यायचा, एवढंच तर आहे. आणि रिपोर्ट शून्य आला तरी लगेच खचू नका. नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, तळाचा गाळ पाहिला का ते विचारा, तपासणी पुन्हा करून घ्या.