दाखल्याचे टोमॅटो

गेल्या शनिवारी ब्रसेल्समधील आमच्या नेहमीच्या दुकानातून मी चेरी टोमॅटोची एक डबी उचलली आणि माल कोणत्या देशातला आहे हे पाहायला चष्मा लावला, तर मोहरीएवढ्या अक्षरांत ‘दाखला-वेद एद-दहब’ असे छापलेले होते. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा असे सगळे दाखले मी तहसील कचेरीत रांगा लावून मिळवलेले आहेत; हा दाखला मात्र नवा होता. दुकानातल्या मुलाला देश विचारला, तेव्हा त्याने डबी उलटसुलट करून पाहिली, खांदे उडवले आणि ती माझ्या हातात परत दिली.

तेव्हा वाचकहो, दुसऱ्याच्या रानातला माल उजळ माथ्याने घ्यायचा असेल, तर युरोपीय संघाची शिकवणी जरूर लावावी.

पहिला धडा असा की, न्यायालयाला घाबरू नये. हे दाखला पश्चिम सहारात येते, आणि तो प्रदेश बहुतांशी मोरोक्कोच्या ताब्यात आहे. पण पश्चिम सहारा हा मोरोक्कोपासून वेगळा प्रदेश आहे आणि तिथल्या जनतेच्या संमतीवाचून संघाचा मोरोक्कोशी झालेला व्यापार करार तिथे लागू होत नाही, असे संघाच्याच न्यायालयाने 2016 मध्ये सांगितले. त्यावर उपाय सोपा होता: त्या भूमीच्या मूळ जनतेऐवजी सध्या तिथे राहणाऱ्या लोकसंख्येला विचारले. म्हणजे नवरीला न विचारता वऱ्हाडाचा होकार घेऊन 2019 मध्ये बार उडवून दिला. 4 ऑक्टोबर 2024 रोजी न्यायालयाने तेही मोडीत काढले, खरबुजांवर आणि टोमॅटोंवर ‘पश्चिम सहारा’ एवढेच नाव हवे असे त्याच दिवशी बजावले आणि शेतमालाच्या करारासाठी बारा महिन्यांची सवलत दिली. ही मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, 3 ऑक्टोबर 2025 रोजी, नव्या करारावर सह्या झाल्या, आणि डबीवर देशाऐवजी मोरोक्कोने आखलेल्या विभागाचे नाव घालायचे ठरले. मोरोक्कोही नाही आणि पश्चिम सहाराही नाही! आमच्या गावचा तलाठीसुद्धा सात-बारावर इतकी सफाई दाखवत नसे.

दुसरा धडा: जनतेला ठोस लाभ मिळत असेल तर तिची संमती गृहीत धरता येते, अशी एक फट निकालातच आहे; म्हणून पश्चिम सहाराच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे सहारावींच्या, स्वातंत्र्यासाठी लढणारी जी पोलिसारियो संघटना वर्षानुवर्षे संघाच्याच न्यायालयात भांडत आली, तिच्यामागची जनता मूग गिळून बसली आहे असे समजावे.

तिसरा: शेजाऱ्यांचे रुसवे मनावर घेऊ नयेत. स्पेनने 2022 मध्ये मोरोक्कोची बाजू घेताच पोलिसारियोच्या पाठीराख्या अल्जीरियाने स्पेनबरोबरचा मैत्री करार स्थगित केला, पण गॅस काही तोडला नाही.

(आपणही फार ऐटीत राहू नये. भारताने 1985 मध्ये सहारावींच्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि 2000 मध्ये ती काढून घेतली.)

पण आता हा उपरोध पुरे. 1975 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या भूमीवर मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले नाही, 1991 मध्ये सार्वमताचे वचन देऊन मोरोक्को आणि पोलिसारियो यांच्यात शस्त्रसंधी झाला, आणि ते सार्वमत आजतागायत झालेले नाही. अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या वाळवंटी छावण्यांत सहारावी निर्वासितांची नातवंडे वाढत आहेत. युरोपीय संघवाल्यांनो, तुम्ही त्यांच्या जमिनीतले टोमॅटो आम्हाला विकता आणि वर जगाला कायद्याच्या राज्याची प्रवचने देता, याची तुम्हाला लाज वाटायला हवी. जमीन परत देणे तुमच्या हाती नसेल. डबीवर काय छापायचे ते तर आहे ना? मग तुमच्याच न्यायालयाने सांगितलेले नाव छापा. दोनच शब्द आहेत.