बगळा पांढरा, म्हैस काळी आणि ‘प्लस दोन’चा मेसेज

मागच्या रविवारी भाचा बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून दीडशे फोटो काढून आला, तोंड पाडूनच. “मामा, बघा की, एकाही बगळ्याला पीस नाही.” खरंच नव्हतं. म्हशीच्या पाठीवर बगळ्याच्या आकाराचं पांढरं भोक आणि खाली सिमेंटनं सारवल्यासारखी राखाडी म्हैस. असं कसं केलंस म्हणून विचारलं, तर मोबाईलवरचा मेसेज पुढं केला. तोच मेसेज त्याआधी मला तीन ग्रुपवरून आला होता आणि मी न वाचता पुसला होता. चूक माझीच.

मेसेज म्हणतो: पांढरा पक्षी दिसला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड वाढवायचं-घटवायचं बटण) प्लस दोन करा. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची, न प्रक्रिया केलेली फाइल) काढा, उडालेला पांढरा नंतर परत आणता येतो. शंका वाटली तर स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका ठिपक्याचाच उजेड मोजणं) लावा, विषय संपला. आणि पक्षी बसूनच असेल तर खडा मारा, गडद झाडीसमोर पंख खुलून दिसतात.

पहिल्या मुद्द्यानंच पोराची सकाळ वाया घालवली. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बगळा कळत नाही, म्हैसही कळत नाही. समोर जे काही असेल ते मध्यम राखाडी करायचं, एवढंच त्याला येतं. चौकटीत तीन हिस्से काळी म्हैस असली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि ते उजेड वाढवतं. म्हणजे बगळा तुम्ही काही करायच्या आधीच ओव्हर, म्हणजे जास्त उजेडानं उडालेला, असतो. तिथं मायनस एक, कधी दीड, करायला हवं. भाच्यानं वर प्लस दोन केलं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट; फरक तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेड. पिसं राहतील कशी?

आता नाइलाजानं कबूल करतो, प्लसचा सल्ला कुठून आला ते मला माहीत आहे. बर्फात किंवा पांढऱ्या आभाळासमोर चौकट पांढऱ्यानंच भरली, तर मीटर उलटं फसतं आणि सगळं मळकट करतं. तिथं प्लस बरोबर. पण तो उतारा मीटरच्या चुकीवरचा आहे, पक्ष्याच्या रंगावरचा नव्हे.

माझ्यावर विश्वास नसेल तर कोडॅकच्या रोलसोबत छापून यायचा तो तक्ता आठवा. माझ्या पिढीतल्या कित्येक लग्नांचे फोटो त्या तक्त्यावरच निघालेत. लख्ख उन्हात एफ १६ (भिंगाचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र लहान) आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं (उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा), म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद. बर्फावर किंवा पांढऱ्या वाळूवर मात्र एक स्टॉप कमी. कमी, जास्त नव्हे! कारण तक्ता वरून पडणारं ऊन बघतो, समोरची वस्तू बघत नाही. बगळ्यावरचं ऊन, तो म्हशीवर बसला म्हणून बदलत नाही. त्याच हिशेबानं ऊन आपल्या पाठीमागून असताना आयएसओ ४००, एफ ८, शटर १/३२०० (एफ ८ नं उजेड चौपट म्हणून १/१६००, पांढऱ्यासाठी आणखी एक स्टॉप कमी), कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे आकडे आपोआप हलत नाहीत. मग तो बगळा म्हशीवरून उठून उसात जाऊ दे, नाहीतर बांधावर. ढग आला तर मात्र परत बघायचं. आणि ढोकरी (बगळ्याच्याच कुळातली) असेल तर आधीच सावध राहायचं. बसलेली असताना मातकट, उडाली की अचानक पांढरी.

रॉचं म्हणाल तर थोडंफार वाचतं, नाही असं नाही. पण सेन्सरवरचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग काठोकाठ भरून वाहिले की तिथं माहितीच उरत नाही. परत काय आणणार? स्क्रीनवर पांढरा भाग लुकलुकायला लागला की तो उडालाय; तिथंच शटर आणखी जलद करा.

स्पॉटची तर गंमतच. बगळ्यावर नेमका स्पॉट धरला तर मीटर बगळ्यालाच राखाडी करतं, आणि तिथं खरोखर प्लस दीड-दोन लागतं! मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यांची गाठ मात्र मारली नाही. शिवाय बगळा हलला आणि ठिपका म्हशीवर घसरला की झालं. निकॉननं २०१४ च्या डी८१० पासून उजळ भाग सांभाळणारं वेगळं मीटरिंग दिलंय. ते असेल तर जरूर वापरा.

खडा मारणाऱ्याला मात्र माझ्याकडून मीटरिंग शिकवलं जाणार नाही. पावसाळ्यात बगळ्यांची घरटी असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे ‘शिकारी’तच मोडतं. थांबा, बगळा आपसूक उडतो. नांगरामागं तर दर दोन मिनिटांनी उडतो.

काल उघडीप होती, भाचा परत जाऊन आला. या वेळी मानेवरची केशरी झाकसुद्धा आलीय. बहिणीनं फोटो बघितला आणि म्हणाली, “बगळा ऱ्हाऊ दे, आमची म्हस कुठं गेली रे?” म्हैस काळोखात बुडालेली. रॉ होतं म्हणून सावल्या उचलून तिचे डोळे तेवढे काढून दिले.