शब्द गावात आहेतच, वाक्यं द्या

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सकाळी पानटपरीवर दहा मिनिटं उभं राहा. मोटर, स्टार्टर, फेज, डीपी, फ्यूज, सबसिडी, फॉर्म, रिजेक्ट, लिंक, सर्व्हर, रेट, पेमेंट. शाळेची पायरी न चढलेला माणूसही हे सगळे शब्द बरोबर जागी वापरतो. आणि त्यालाच विचारलं तर म्हणतो, "आपल्याले कुठची इंग्रजी येते बाप्पा!" मला हे पटत नाही. शब्द येतात. ते जोडून बोलायची वाक्यं त्याला कोणी दिली नाहीत.

हे आजकालचंही नाही. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि कापसाच्या मागोमाग जिन, प्रेस, स्टेशन असे कितीतरी शब्द आमच्या बोलीत येऊन बसले. सरकी काढायच्या कारखान्याला आजही आम्ही जिनिंगच म्हणतो. आजोबा-पणजोबा टेसनावर जायचे आणि टिकिट काढायचे, कोणाला त्याचा धाक वाटला नाही. धाक बसला तो शाळेत.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशी-तिशीत असलेल्या आमच्याकडच्या पोरापोरींनी दहा-दहा वर्षं इंग्रजीचा तास केलाय. कविता पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, गाइडमधला निबंध पाठ. पण पुण्याच्या कंपनीतून फोन आला की तोच पोट्टा मोबाइल घेऊन दूर धुऱ्यावर जातो आणि "येस सर, येस सर"च्या पुढे सरकत नाही. काहून? समोरच्याचं समजलं नाही तर काय म्हणायचं, हेच त्याला कोणी शिकवलं नाही. "सॉरी, आय डिड नॉट गेट दॅट." "कुड यू प्लीज से इट अगेन?" "कॅन आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?" एवढी तीन वाक्यं तोंडात बसलेली असली तर माणूस तिथे टिकतो. बाकीचं हळूहळू जमतं.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की सुटा शब्द पाठ करू नका, अख्खं वाक्य घ्या आणि मोठ्यानं म्हणा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. मनात मराठी वाक्य तयार करून एकेक शब्द बदलायला गेलं की तिसऱ्या शब्दाला गाडी अडते. त्यापेक्षा "आय वुड लाइक टू", म्हणजे 'मला अमुक करायचंय', एवढं घोटून ठेवा. त्याच्यापुढे "ओपन ॲन अकाउंट" जोडा, "चेंज माय मोबाइल नंबर" जोडा, "टॉक टू द मॅनेजर" जोडा. बँकेतलं निम्मं काम त्यात होतं.

'रोज दहा अवघड शब्द' पाठ करायला लावणाऱ्या क्लासेसवर माझा खरंच राग आहे. मायकल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक पूर्वी ढाक्याला शिकवायचे. त्यांनी १९५३ साली रोजच्या वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी छापली. साध्या इंग्रजी मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द त्या यादीतलेच निघतात. एकटा 'गेट' घ्या. गेट अप म्हणजे उठणं, गेट इन म्हणजे गाडीत बसणं, गेट बॅक म्हणजे परत येणं. असले शब्द सोडून पोरांना वर्तमानपत्राच्या अग्रलेखातले शब्द कशाला?

मी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवते. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये २०००-२०००च्या तीन हप्त्यांत येतात, आणि हप्त्याच्या दिवसांत काकाजी मंडळी मोबाइल पुढे करून विचारतात, "पाह्य वं बाई, आले का माहे पैशे?" मेसेजमधला आकडा त्यांना वाचता येतो. पैसे आले की गेले, हे सांगणारा शब्द तेवढा वाचता येत नाही. म्हणून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं: क्रेडिटेड म्हणजे आले, डेबिटेड म्हणजे गेले, पेंडिंग म्हणजे अडकले, फेल्ड म्हणजे झालंच नाही. बाजूला तेच शब्द इंग्रजी अक्षरांत, मेसेजमध्ये दिसतात तसे. आता बरेच जण आधी पुठ्ठ्याकडे बघतात, मग मोबाइलकडे, आणि मला न विचारता घरी जातात. त्याच पुठ्ठ्याखाली लाल पेनानं लिहिलंय: खात्यात पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे पाठवायला. समोरचा फोनवर कितीही गोड इंग्रजी बोलो.

फवारणीच्या डब्याचंही तेच. डब्यावरच्या विषाच्या त्रिकोणाचे रंग कास्तकाराला ठाऊक असतात, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्याची कारणं पुष्कळ होती, सगळा दोष भाषेवर टाकणं चुकीचं होईल. पण डब्यावर 'अँटिडोट', म्हणजे विषावरचा उतारा, कुठे लिहिलंय ते घरातल्या बाईला ओळखता आलं पाहिजे, आणि तो डबा माणसासोबत दवाखान्यात गेला पाहिजे. हे पाचवीतल्या पोरीला एका दुपारी शिकवता येतं, आणि ती आईला शिकवते.

पुण्या-नागपुरात नोकरीला लागलेल्या माझ्या गावकऱ्यांना एक विनंती आहे. दिवाळीत घरी आलात की आईशी आपल्या बोलीतच बोला, पण तिच्या मोबाइलमधले दोन-चार मेसेज तिच्याकडून वाचून घ्या. तुम्ही वाचून दाखवू नका. ती अडखळली तर अडखळू द्या, थांबा, पुन्हा विचारा. दुसऱ्या दिवशी तेच मेसेज परत, आणि निघायच्या दिवशी आणखी एकदा.

केंद्रावर पुढचा पुठ्ठा दवाखान्याचा करते आहे. बिफोर फूड, आफ्टर फूड, एम्प्टी स्टमक, ट्वाइस अ डे, एक्सपायरी डेट एवढं लिहून झालंय. डॉक्टरच्या चिठ्ठीवर किंवा रिपोर्टवर ज्या शब्दापाशी तुमचं घर अडलं असेल, तो खाली लिहा. मराठी अक्षरांत लिहिला तरी चालेल.