वजन उचललं म्हणून पोट्टं बुटकं राहत नाही

उन्हाळी शिबिरं लागली की नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोच: "सोळाच्या आत वजन उचललं तर उंची खुंटते. अंग जड होऊन वेग जातो. जुने पहिलवान कधी जिममध्ये गेले नाहीत. सामने सुरू झाले की व्यायाम बंद ठेवा." चारही गोष्टी कच्च्या आहेत.

उंचीचं आधी पाहू. वाढत्या हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा भाग, असते आणि तिला इजा होऊ शकते, हे खरं. पण शिकवणारा समोर असताना, पेलेल तेवढंच वजन उचलल्याने उंची खुंटल्याचा पुरावा नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२० मध्ये असा व्यायाम सुरक्षित ठरवला. मग वेटलिफ्टर बुटके काऊन दिसतात? आखूड हातापायांच्या माणसाला बार कमी अंतर उचलावा लागतो, म्हणून तोच त्या खेळात टिकतो.

वेगाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण दोष वजनाचा नाही, शेड्यूलचा. शंभर मीटर धावणाऱ्या पोराला सोमवारी चेस्ट, मंगळवारी बायसेप्स, वर १२-१५ रेप्सचे (एका दमात तितक्या वेळा उचलायचे) सेट दिले, तर दंड भरतील आणि घड्याळ तिथेच राहील. भरधाव धावताना पाऊल जमिनीला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतं. तेवढ्यात जमिनीला किती जोर देता यावर सगळं ठरतं. त्यासाठी स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलणं) ३-५ रेप्सचे, मध्ये दोन-तीन मिनिटं पुरता आराम, आणि जोडीला उड्या. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती ताकद बहुतेक मज्जासंस्थेची. मांस फारसं चढत नाही.

कबड्डीचं गणित वेगळं. चढाई ३० सेकंदांची, त्यात गचकन थांबून उलटं वळायचं. म्हणून एका पायावरचे स्क्वॉट, मांडीच्या आतल्या स्नायूंचं काम, मनगटाची पकड. हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी, तर जिमही लागत नाही. मानकापूरच्या मैदानावर सतरंजी टाका, गुडघ्यांवर उभे राहा, जोडीदाराला मागून घोटे धरायला सांगा आणि कंबर न मोडता सावकाश पुढे झुका. हाच 'नॉर्डिक' नावाचा व्यायाम. अभ्यासांत या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आहेत. पहिल्या आठवड्यात दोन-तीन सेटच करा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतंच.

पहिलवान जिममध्ये गेले नाहीत, मान्य. पण तालमीतली गदा, मुद्गल, दगडी नाल काय कापसाचे होते?

सामन्यांच्या दिवसांत व्यायाम पार सोडला तर कमावलेली ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग करत लांबत जातात, आणि राज्य पातळीला पोचेपर्यंत पोट्टं उन्हाळ्यात होतं तेवढंही दणकट राहत नाही. आठवड्यातून एक-दोनदा, वजन तेच ठेवून सेट कमी केले तरी भागतं.

खरा धोका मेसेजमध्ये आलाच नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना सकाळी दहापर्यंत पोरांना मैदानात पळवणारी शिबिरं आहेत. फीचे पैसे भरण्याआधी तिथली वेळ आणि पाण्याची सोय विचारा.