'नो सर, एव्हरीथिंग क्लिअर' म्हणून उठू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फ्रेशर मुलामुलींसाठी एक सल्ला सतत फिरतो. मुलाखत संपताना 'काही विचारायचंय का?' असं म्हटलं की हसून 'नो सर, एव्हरीथिंग क्लिअर' सांगायचं. कारण म्हणे प्रश्न विचारणारा आगाऊ वाटतो, माहिती वेबसाइटवर असतेच, पगार-शिफ्टचं ऑफर लेटर आल्यावर बघता येतं आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, कोर्टात टिकत नाही. महापे एमआयडीसीत मी मुलाखती घ्यायला बसतो. मला यातलं एकही कारण पटत नाही.

'तुमची कंपनी काय करते?' हा प्रश्न नडतो, हे खरं. घरून काही न वाचता आल्याचं त्यातून उघड होतं. पण 'जाहिरातीत सपोर्ट आणि टेस्टिंग दोन्ही लिहिलंय, पहिले सहा महिने माझ्याकडे काय असेल?' असं कुणी विचारलं की आम्ही सावरून बसतो. 'ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय?' हेही जरूर विचारा. उत्तर देताना मॅनेजर अडखळला, तर तुम्हाला बरंच कळलं.

वेबसाइटवर क्लायंटची नावं असतात. तुम्हाला शिकवणार कोण आणि तुम्ही कुणाच्या पे-रोलवर असणार, हे तिथे नसतं. गळ्यात एका कंपनीचं आयकार्ड आणि पगार दुसऱ्याच कंत्राटदाराकडून, हा प्रकार आपल्या पट्ट्यात नवा नाही.

पगाराबद्दल थोडं सविस्तर, कारण घरचे हिशेब याच आकड्यावर ठरतात. समजा पॅकेज ३ लाख, म्हणजे महिना २५,००० आणि त्यातला बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,५००. या २५ हजारांतच कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० धरलेले असतात. मग तुमचा स्वतःचा पीएफ १,५०० आणि तुम्ही मुलगा असाल तर व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात उरतात २१,२०० च्या आसपास. म्हणून 'इन-हँड किती?' हे विचारायचंच, पण टेक्निकल राउंडला नाही, एचआरला. ऑफर लेटरची वाट बघणारा तोवर दुसरीकडे नकार कळवून मोकळा झालेला असतो.

शिफ्टचंही तसंच. ऐरोली-घणसोलीत रात्री उशिरा सुटलात तर ट्रान्स-हार्बरची लोकल रात्रभर धावत नाही आणि पुढे डोंबिवली-बदलापूर गाठायचं असतं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं आणि तिला घरापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. तेव्हा मुलींनो, 'कॅब दारापर्यंत येते की स्टेशनपर्यंत?' हे विचारताना संकोच करू नका.

बाँड टिकत नाही, हा तर सगळ्यात घातक गैरसमज. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरीची आणि आधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड असाच टिकेल असं नाही, पण 'सही करून टाक, काही होत नाही' असं कुणाला सांगू नका. किती काळाचा, किती रकमेचा, कोणत्या ट्रेनिंगच्या बदल्यात, हे सहीआधी विचारा. मूळ मार्कशीट ठेवून घेणार का, तेही विचारा. उत्तर 'हो' आलं, तर झेरॉक्स देऊन मूळ कागद घरी आणा.